खरा धोका संक्रमणकाळात

मीटर, लिटर, किलोग्रॅमची दशमान पद्धत स्वीकारली की हिशेबातील चुका आपोआप संपतात, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते, कारण खरा धोका जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती एकत्र नांदत असतात त्या काळात असतो. १९८३ साली, पौंडाकडून किलोग्रॅमकडे वळत असलेल्या कॅनडात एका नव्या बोईंग ७६७ विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. परंतु लिटरचे वजन काढताना ०.८ ऐवजी १.७७ हा गुणक वापरला गेला, तो किलोग्रॅमचा नसून पौंडाचा आहे हे कोणाच्याच लक्षात आले नाही आणि विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले. (वाटेतच इंधन संपले; वैमानिकाला ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा सराव होता, म्हणून सारे बचावले.) जुनी एकके कधी बंद करायची, याची मुदत ठरवणे म्हणूनच महत्त्वाचे असून लेखात त्याचा उल्लेखही नाही.