अंड्याची टरफले, राख आणि सोलापूरची माती

‘खतांवर पैसे घालवू नका, स्वयंपाकघरातूनच बाग फुलवा’ असा एक संदेश गेले काही महिने आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. अंड्याची टरफले आणि लाकडाची राख दर आठवड्याला प्रत्येक कुंडीत टाका, चहाचा चोथा रोज घाला, कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्या आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घाला, म्हणजे कोणतेही झाड पंधरा दिवसांत हिरवेगार होते, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु यातील मुख्य सल्ला ज्या मातीला मानवेल ती माती सोलापुरात नाही, आणि तो मनापासून पाळणाऱ्यांचीच झाडे पिवळी पडत आहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी टरफलांविषयी. अंड्याचे टरफल म्हणजे सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुनखडीच. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात मातीतील चुना वाहून जातो आणि माती आम्लधर्मी होते, त्यामुळे तिथे चुन्याची भर उपयोगी पडते. सोलापूर मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथे बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीतील चुना बाहेर वाहून न जाता तिथेच साचून राहतो. घराचा पाया खणताना मातीत जे पांढरे खडे निघतात, ते याच साचलेल्या चुन्याचे असतात. कुणाला खात्री करून घ्यायची असेल, तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत आणि कान जवळ न्यावा. बारीक फसफस ऐकू आली, तर मातीत चुना आहे. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपास असतो आणि त्यात टरफल जवळजवळ विरघळतच नाही.

जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंचे अनंताचे झाड याच सल्ल्यापायी खंगले होते. नवी पालवी लिंबासारखी पिवळी, तिच्यातील शिरा तेवढ्या हिरव्या, आणि कुंडीत मातीपेक्षा टरफलेच जास्त दिसावीत अशी स्थिती. ‘कॅल्शियम अजून कमी पडत असणार,’ असे म्हणून त्या दर रविवारी आणखी टरफले चुरून टाकत होत्या. मी वरची माती उकरली, तेव्हा सहा महिन्यांपूर्वीचे तुकडेही काठाला तसेच धारदार निघाले. त्या झाडाला कमतरता होती ती लोहाची. लोह मातीत असते, पण सामू वाढला की ते मुळांना घेता येत नाही. आपल्या भागातील ऊस उत्पादक याच लक्षणाला केवडा म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) मिसळून ऊन उतरल्यावर पानांवर फवारणी करणे. हिराकस नुसते मातीत टाकले, तर त्यातील लोह लवकरच निरुपयोगी होते, म्हणून ते ओलसर शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून मगच द्यावे. काकूंनी टरफले काढून टाकली, दोन फवारण्या केल्या, आणि त्यानंतर आलेली पाने हिरवी आली.

टरफलांच्या समर्थनार्थ टोमॅटोचा दाखला हमखास दिला जातो: फळाचा बुडखा काळा पडून सडतो, तो कॅल्शियमअभावी. फळात कॅल्शियम कमी पडते हे खरे आहे, पण त्यावरून मातीतही ते कमी आहे असे ठरत नाही. कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबर पोहोचते, आणि पाण्यात खंड पडला की त्याचाही पुरवठा तुटतो. आपल्याकडे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. त्या दिवशी कुंडी तुडुंब भरायची आणि पुढे ती भेगा पडेपर्यंत कोरडी राहू द्यायची, ही सवयच टोमॅटोला भोवते. पिंपात पाणी साठवून ते थोडे थोडे, ठरावीक अंतराने दिले, तर टरफलांवाचूनही फळे चांगली येतात.

राखेचा मुद्दा लवकर संपणारा आहे. राखेत पालाश (पोटॅशियम) असतो हे मान्य. परंतु काळ्या मातीत तो सहसा पुरेसा असतोच, आणि राख स्वतः इतकी अल्कधर्मी असते की आधीच चढलेला सामू ती आणखी वर नेते. जास्वंद, गुलाब, अनंत आणि लिंबू यांच्या कुंडीत ती अजिबात टाकू नये.

चहाच्या चोथ्याने माती आम्लधर्मी होते, असेही संदेशात म्हटले आहे. मूठभर चोथ्याचे किरकोळ आम्ल चुनखडीच्या मातीत कुठल्या कुठे विरून जाते. दूध-साखरेसह टाकलेला चोथा मात्र मुंग्या आणि बुरशी घेऊन येतो. तो धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाकावा, तिथे तो खरोखर कामाचा आहे.

तळाच्या खडीविषयीचा समज फार जुना आहे, आणि अनुभवी माळीही तो मानतात. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते थराच्या वरच अडून राहते. त्यामुळे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा असेल, तर छिद्र मोकळे ठेवून त्यावर खापराचा एक तुकडा ठेवावा आणि काळ्या मातीतच शेणखत, कोकोपीट व जाडसर वाळू मिसळावी.

आता पाण्याविषयी. ज्या मातीत मंगळवेढ्याची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीचा हंगाम काढते, त्या मातीची पाणी धरून ठेवण्याची ताकद आपण ओळखली पाहिजे. गच्चीवरची कुंडी शेतापेक्षा लवकर तापते आणि लवकर सुकते, हे खरे. तरीही निव्वळ काळी माती भरलेल्या कुंडीत दिवसातून दोनदा पाणी घातले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. मग झाडाची पाने मलूल होऊन लोंबतात आणि ती तहानलेली आहेत असे वाटून आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरे आत घालून पाहावे; ओल लागली, तर त्या वेळी पाणी देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो तेव्हा, पाणी घालण्याच्या वेळा वाढवण्यापेक्षा कुंडीच्या मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर घालावा आणि दुपारपुरती शेडनेटची सावली करावी. पाचट आपल्या जिल्ह्यात हवे तितके मिळते. ते देठाला न टेकवता चहूबाजूंनी थोडी जागा सोडून पसरावे, म्हणजे खोडाशी ओल साचून बुरशी धरत नाही.