सीवीड फवारलं म्हणून खत बंद करू नका

‘समुद्रशैवालाच्या अर्कात साठहून जास्त अन्नद्रव्यं असतात. तो फवारला की भाजीपाल्याला दुसरं काही लागत नाही, जास्त झाला तरी अपाय नाही आणि समुद्रालाही झळ नाही,’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. हा अर्क उपयोगाचा आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच त्याच्या नावावर असलं काही खपवलेलं बघवत नाही.

अन्नद्रव्यं असतील साठ, पण किती? द्रव अर्कात नत्र बहुधा एक टक्क्याच्या आतच असतं. हेक्टरी २ लिटर अर्क फवारला तर पिकाला फार तर २० ग्रॅम नत्र मिळेल. टोमॅटोचं पीक टनभर फळामागे दोन-तीन किलो नत्र उचलतं! ते कंपोस्ट, शेणखत, द्विदल पिकांचा फेरपालट यांतूनच यायला हवं. नुसत्या फवारणीवर ठेवलेल्या झाडाची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, ती या उपासमारीनेच. लेबलवरचं पालाशही अनेकदा अर्क काढताना वापरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं असतं.

मग अर्क करतो काय? त्यातली अल्जिनेट, लॅमिनारिन, बीटाइन यांसारखी द्रव्यं झाडाची स्वतःची यंत्रणा जागी करतात. पुनर्लागवडीनंतर मुळं लवकर धरतात, पाण्याचा किंवा उन्हाचा ताण थोडा सोसतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत जैवउत्तेजकाची, म्हणजे झाडाला अशी चालना देणाऱ्या द्रव्याची, व्याख्याच अशी आहे की, त्याचा परिणाम त्यातल्या अन्नद्रव्यांवर अवलंबून नसतो. म्हणजे खत वेगळं, हे वेगळं.

‘जास्त झाला तरी अपाय नाही’ हे तर साफ चूक. तीव्र द्रावणाने बियांची उगवण आणि रोपांची वाढ खुंटते. किनाऱ्यावरचं शैवाल गोळा करून घरी अर्क करणाऱ्यांनी मिठाकडे लक्ष द्यावं. सरगॅसम जातीच्या शैवालात तर आर्सेनिकही साठतं.

समुद्राचं काय? अर्कासाठी खूप वापरलं जाणारं अ‍ॅस्कोफायलम हे शैवाल थंड खडकाळ किनाऱ्यावर अगदी सावकाश वाढतं. त्याच्या फांदीवर वर्षाला साधारण एकच हवेचा फुगा येतो, इतकं की फुगे मोजून तिचं वय काढता येतं. ते बुडापासून खरवडलं तर तिथे लपणारे मासे, शंख-शिंपले उघड्यावर पडतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात खालचं १६ इंच राखूनच कापावं लागतं. याउलट दोरांवर लावलेलं कप्पाफायकस दीड-दोन महिन्यांत काढणीला येतं. तेव्हा बाटली घेताना शैवालाची जात कोणती, ते लागवडीचं की खडकावरचं, हे विक्रेत्याला विचारा. सांगता येत नसेल तर दुसरी घ्या.