कान फाटकाच होता तिचा!!

अरे "फक्त घरातल्यांसाठी" या दोन शब्दांत न कळण्यासारखं काय आहे?

आमची कुत्री शिमगी गेली. रात्री दीडपर्यंत जागून तिचा अल्बम केला. चौदा वर्षांतले निवडून 212 फोटो, आणि ताट वाजलं की ती जे कुईं करायची तो 9 सेकंदांचा आवाज. लिंक कोणाला, तर आई, ताई, आत्या, मामा. बास. सकाळी सातला बघतो तर आत्याने ती सोसायटीच्या ग्रुपवर ढकललेली आणि आठच्या आत आतेभावाचा बॅनर तयार. बॅनर! मागे ढग, दोन कबुतरं, दोन्हीकडे समया, गळ्यात हार आणि खाली "शोकाकुल" म्हणून अकरा नावं, ज्यातल्या नऊ जणांनी तिला जन्मात एक बिस्कीट घातलं नाही, एकाने तर दगड मारलेला, माझ्या लक्षात आहे. आणि ह्याचा स्वतःचा गॉगलवाला फोटो तिच्यापेक्षा मोठा. वर "श्रध्दांजली". अरे निदान श्रद्धांजली तरी नीट लिहा!

तेही सोडा. फोटो "क्लीन" करायला त्याने कुठल्यातरी एआयमध्ये घातला आणि त्या शहाण्याने तिचा डावा कान शिवून दिला. अख्खा, उभा, टोकदार. सहा महिन्यांची असताना घुशीशी भांडून फाडून घेतलेला कान तो, दोन फाकळ्या झालेल्या, मागून ऊन आलं की गुलाबी दिसायचा आणि चिडली की फक्त आतली फाकळी हलायची. तोच गायब! आणि हा विचारतोय, "कसली भारी दिसतेय ना?" डॉग फूडच्या जाहिरातीतली दिसतेय, शिमगी नाही दिसत.

आधी एका स्मृतिस्थळवाल्या साइटवर गेलो होतो, तिथे आडनाव कंपल्सरी, आणि प्रायव्हेट हवं तर दरमहा डॉलर भरा, म्हणजे हप्ता चुकला की कुत्री परत मेली. फोनने स्वतःहून "गोड आठवणी" म्हणून सलाइन लावलेल्या फोटोंना डिस्को म्युझिक लावून दिलं. ताईने अमेरिकेहून पाठवलेले एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमधले फोटो माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. फुकटचं 15 जीबी स्टोरेज कधीच संपलंय, कशाने, तर आत्याच्या सुप्रभात-गुलाबांनी, जे मी डिलीट करत नाही कारण मी मूर्ख आहे.

इथून साताऱ्याजवळची माहुली हाकेवर. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे तिथे, अठराव्या शतकातली, दगडाची. पासवर्ड नाही, स्टोरेज फुल नाही. आणि रायगडावरचा वाघ्या कुत्रा? 1936 चा पुतळा, 2012 मध्ये उखडला, परत बसवला, भांडणं अजून चालूच. चारचौघांत ठेवलं की असं होतं, म्हणून तर मला खासगी हवं होतं ना!

आतेभावाला फोन करून यथेच्छ शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "दादा, सेटिंग बघ. लिंक असलेल्या कोणालाही दिसेल असं तूच ठेवलंयस."

बघितलं. ठेवलं होतं.

मग तिरमिरीत सगळं लॉक केलं. आता अल्बम इतका खासगी झालाय की आईलाही उघडत नाही. दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून "कोड आला का रे?" आणि कोड जातोय तिच्या जुन्या नंबरवर, ज्याचं सिम लॉकडाऊनमध्ये फोनसकट चावून टाकलं होतं. कोणी ते सांगायला नकोच.