‘पोर्टलवर टाका की!’

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दिवसभर भट्टीपुढं भाजून निघालेला माणूस मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव घालायला आला, की एचआरचं ठरलेलं उत्तर: पोर्टलवर टाका की! टाकतो की! आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, पोर्टलला दोन्ही नामंजूर. ओटीपी जातो कधीच बंद पडलेल्या नंबरवर. बिल अपलोड केलं, तर म्हणे मूळ प्रत कुरिअर करा. मग ऑनलाइन कशाला रे बाबा, शोभेला?

2024 मध्ये विमा नियामकानं ठणकावून सांगितलंय: कॅशलेसचा, म्हणजे दवाखान्याचं बिल थेट विमा कंपनीनं भरायचा, निर्णय 1 तासात, डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत. इथं पेशंट कपडे बदलून सकाळपासून बसलाय, दारात रिक्षा थांबलीय आणि स्क्रीनवर ते चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंयच! पगारातून आईबापाच्या विम्याचा हप्ता कापताना हाच सर्व्हर कधी डाऊन झालेला बघितलाय कुणी?