स्पेशालिस्ट नर्स? मग आधी हात धुऊन दाखवा

क्रिटिकल केअरचा डिप्लोमा, वर नऊ वर्षं आयसीयू, आणि आता परदेशात जायचंय? वा वा, अभिनंदन. परदेशातल्या रजिस्ट्रेशनची माझी फाइल कालच तिसऱ्यांदा परत आलीय, म्हणजे या विषयातली अधिकारी व्यक्ती मीच, तेव्हा चार गोष्टी ऐकून घ्या.

सगळ्यात आधी स्वतःची स्पेशालिटी विसरा. ब्रिटनच्या रजिस्टरला नर्सचे चारच कप्पे आहेत, ॲडल्ट, लहान मुलं, मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी, त्यात आयसीयू शोधत बसू नका, नाहीये. अमेरिकेत क्रिटिकल केअरचं सीसीआरएन सर्टिफिकेट आहे की! फक्त त्या परीक्षेला बसायला तिथलं लायसन्स लागतं आणि लायसन्ससाठी एनक्लेक्स नावाची परीक्षा, म्हणजे परत जनरल नर्सिंग. तेव्हा व्हेंटिलेटर, डायलिसिस, आर्टेरियल लाइन जे काही येतं ते बॅगेत तळाशी ठेवा आणि ब्रिटनच्या ऑस्कीसाठी, म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षेसाठी, 10 स्टेशन असतात बरं का, बाहुलीला स्वतःचं नाव सांगायची प्रॅक्टिस करा. बाहुली उत्तर देत नाही. तरी विचारायचं, ताई दुखतंय का.

लग्न करून आडनाव बदललंत? का बदललंत? आता सगळ्या कागदांवरचं नाव जुळवत बसा.

आयएल्ट्स, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, लवकर देऊ नका, ब्रिटनला लागतात तसे रायटिंगला साडेसहा आणि बाकी तिन्हीला सात आणलेत तरी त्यांचं आयुष्य 2 वर्षं, फाइल पिकेपर्यंत मार्क नासतात.

जर्मनी म्हणत असाल तर बी-टू लेव्हलचं जर्मन. नाइट करून आल्यावर शिकायचं, झोपता कशाला.

आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे काय काय आणि किती तास शिकलात त्याचा कॉलेजने द्यायचा कागद. इथे पाणी पिऊन घ्या. फॉर्ममध्ये प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास वेगळे आणि क्लिनिकलचे वेगळे लिहायचे असतात, दोन रकाने, बस. माझ्या कॉलेजच्या ऑफिसने दोन्हींची बेरीज करून एकच आकडा ठोकला. फाइल परत. मी गेले, तर मॅडम रजेवर. परत गेले, तर "आमच्याकडे असाच फॉरमॅट आहे, आजवर कोणी तक्रार केली नाही." तिसऱ्यांदा गेले तर जुनी रजिस्टरं स्टोअरमध्ये आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला, साडेतीन वाजता. शेवटी तास वेगळे करून दिले, पण पाकीट माझ्याच हातात! कॉलेजकडून थेट आलं नाही म्हणून फाइल परत. मग थेट पाठवा म्हणून हातापाया पडले तर त्यांनी कॉलेजचा मेल सोडून कोणाच्या तरी फुकटच्या पर्सनल मेलवरून पाठवलं, आणि तिकडचे म्हणाले हा मेल कॉलेजचा कशावरून. बरोबरच आहे त्यांचं! इथे मी इनोट्रोपचा, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाचा, डोस पॉइंटच्या पुढचा आकडा चुकला तर माणूस जातो म्हणून दोनदा तपासते, आणि यांना मेल कुठून पाठवायचा ते कळत नाही.

तिकडचेही काही कमी नाहीत. इंटरव्ह्यूला तासभर व्हेंटिलेटरचे ग्राफ विचारणार, ड्यूटी आयसीयूलाच लावणार, आणि पगार ठरवताना म्हणणार तुमचा डिप्लोमा आम्ही धरत नाही. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यात बाहेरून आलेली अनुभवी नर्ससुद्धा सहसा पगाराच्या बँड 5 या पायरीवरच लागते, आणि तिथली कालची फ्रेशरही बँड 5 लाच. धरत नाही ना, मग आयसीयूला लावता कशाला? लावा मला ओपीडीत. रोस्टर करताना मी स्पेशालिस्ट आणि पगाराच्या दिवशी जनरल, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात? नर्स मिळत नाहीत म्हणून वर गळे काढायला मोकळे.

आणि कॉलेजच्या ऑफिसमधले साहेब, तुमच्याशी तर आता सरळच बोलते. उपकार नाही करत तुम्ही, फी घेतलीय तुम्ही ट्रान्सक्रिप्टची, तीनदा. उद्या परत येतेय मी, नाइट करून, आंघोळ न करता. चावीवाल्याला जेवून घ्यायला सांगा. दोन रकाने, दोन आकडे, एक शिक्का आणि कॉलेजच्या मेलवरून सेंड. मी समोर उभी राहणार, बटण दाबेपर्यंत हलणार नाही.