‘पती’ गेला, ‘जोडीदार’ आला. बाकीचं कुणी घुसडलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. ‘२०२१ मध्ये संसदेने गर्भपाताच्या कायद्यातून पती हा शब्द काढून जोडीदार घातला. आता नवऱ्याची संमती नको, २४ आठवड्यांपर्यंत मागेल तिला गर्भपात, आणि मुलगी नको असणाऱ्यांना रान मोकळं.’

शब्द बदलला, एवढं खरं. १९७१ च्या कायद्यात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ होतं, आता ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहे. पण कुठे? गर्भनिरोधक साधन फसून दिवस गेले तर त्याचा मनस्ताप मानसिक आरोग्याला गंभीर इजा धरता येईल, असं सांगणाऱ्या एका स्पष्टीकरणात. तेही २० आठवड्यांपर्यंतच. म्हणजे पन्नास वर्षं कायद्याच्या लेखी कुमारिकेची तांबी फसतच नव्हती!

नवऱ्याची संमती काढली म्हणे. ती होती कधी? १९७१ पासून सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर पालकाची. माझ्या मावसबहिणीला २०१४ साली एका दवाखान्यातून ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलं होतं. संमतीच्या ‘फॉर्म सी’वर सही तिची, नवऱ्याच्या सहीला ओळच नाही. दवाखान्याची रीत लोक कायदा समजून बसलेत.

मुलीचा मुद्दा लगेच उरकते. गर्भलिंगनिदानावर आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. २०२१ च्या दुरुस्तीने त्याला हातही लावलेला नाही.

आता ते २४ आठवडे. २० पर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि तेही नियमांत ठरवलेल्या प्रवर्गांतल्या स्त्रियांसाठीच. गंमत अशी, की हे प्रवर्ग विधेयकात नव्हतेच. राज्यसभेत विरोधकांनी प्रवर समितीची मागणी केली, ती फेटाळली गेली, १६ मार्च २०२१ ला आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. यादी आली ऑक्टोबरात: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग वगैरे, आणि ‘वैवाहिक स्थितीत बदल’, पुढे कंसात वैधव्य आणि घटस्फोट.

त्या कंसाने घोळ घातला. २०२२ मध्ये जोडीदार सोडून गेलेल्या २५ वर्षांच्या अविवाहित मुलीला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. लग्नच नाही, तर स्थिती बदलणार कुठून? शेवटी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २९ सप्टेंबरला अविवाहितांनाही त्या नियमात घेतलं. मागेल तिला मिळत असतं, तर ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कशाला गेली असती? पुढच्याच वर्षी दोन मुलांच्या विवाहित आईला २६व्या आठवड्यात त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली.

आणि कायद्याच्या चौकटीबाहेरचा गर्भपात आजही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहिता, कलम ८८. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा त्यात आरोपी ठरते.