कूलरच्या मागचा अंधार

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचा कूलर खाली उतरून खिडकीत बसतो, आणि आमच्या घरातलं नेटवर्क त्याच खिडकीतून निघून जातं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. तोवर काटोलच्या मामांनी सगळ्या नातेवाइकांत माझं नाव करून टाकलं होतं.

मामांकडून मी 20 हजार रुपये घेतले होते. "दिवाळीला देतो" असं म्हणालो होतो. कोणत्या दिवाळीला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मार्चपासून त्यांचा फोन आला की "यंदा आंबिया बहार बरा हाय" इथपर्यंत आवाज खणखणीत. मामीचे गुडघे, तेही खणखणीत. "बरं, ते पैशाचं..." म्हटलं की टूं टूं टूं.

आता यात माझा काय दोष? फोन लागतो फक्त गॅलरीत. गॅलरीत 45 अंश. पाच मिनिटांत डोकं तापतं, म्हणून मी बोलता बोलता आत येऊन कूलरपुढे बसतो. आणि मामा जुन्या वळणाचे, पैशाचा विषय सहाव्या मिनिटाआधी काढत नाहीत.

कंपनीला फोन केला. तिकडच्या मुलीनं मोबाईल बंद करून सुरू करायला सांगितलं. बंद होईपर्यंत तीही कटली.

शेवटी पुतण्या आला. इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे मधल्या सुट्टीत आमच्याकडे जेवायला असतो. त्यानं फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठंतरी जाऊन एक आकडा काढला. गॅलरीत उणे 85, कूलरपाशी उणे 115.

"तीसचाच तर फरक आहे," मी म्हणालो.

"काका, हे डेसिबेल हाय. दर दहाला दहापट. तीस म्हणजे हजारपट कमी सिग्नल. अन् कायचं नवल, तुम्ही खिडकीत पत्र्याचा डबा ठेवला, त्यात टाकीभर पाणी भरलं, वरून वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. लहर येईन कुठून? पत्र्यावर आपटते, वापस जाते."

शिवाय टॉवर ऐकत नाही म्हणून फोन बिचारा जास्त जोरात ओरडतो, पार 200 मिलिवॅटपर्यंत, आणि म्हणून तो तापतो नि बॅटरी दुपारीच मान टाकते, हेही त्यानं सांगितलं. मला फोनबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. आमच्या घरात कूलर सुरू असताना माणसंही तसंच बोलतात.

कूलर हलवायचा प्रस्ताव मी मांडला. "मामांचा फोन हवा की झोप, ते तुम्ही ठरवा," ही म्हणाली. म्हणजे तिनं ठरवलं होतं.

मग वायफायवरून बोलायचं ठरलं. आमचा राऊटर चपलांच्या कपाटात, त्याच्यापुढे गोदरेजचं कपाट. मी बोलत जिन्यातून खाली उतरलो की वायफायची एकच काडी उरे, आवाज घरघरे, पण फोन काही त्या काडीला सोडेना. खाली टॉवरचं नेटवर्क ठणठणीत असूनही! पुतण्याचं म्हणणं असं की मोबाईल टॉवरच्या बाबतीत फोन फक्त मोजमाप कळवतो, कोणत्या टॉवरवर जायचं ते नेटवर्क सांगतं. म्हणून खापरीहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत बसून बोललं तरी तुटत नाही. वायफाय कधी सोडायचं हे मात्र फोनचं फोननंच ठरवायचं. आणि आमचा फोन आमच्यासारखाच भिडस्त. एकदा ज्याच्या ओसरीवर बसला, त्यानं पाणी विचारलं नाही तरी उठायचा नाही.

"मग लगेच उठवायचा ना!"

"लगेच उठवला तर इकडून तिकडं नाचत राहीन अन् बोलणं दर मिनिटाला तुटन. शेजारच्या पंगतीत बुंदी दिसली म्हणून कोणी पान घेऊन पळते का? ती पंगत खरंच बरी हाय, अन् थोडा वेळ तशीच राहून राहिली, हे पाहूनच उठायचं. टॉवर असंच करते."

त्यानं राऊटर हॉलमध्ये उंचावर टांगला, वायफाय कॉलिंग सुरू केलं, वायफाय मरगळलं की आपणहून मोबाईलच्या नेटवर्कवर जा अशी फोनला परवानगी दिली, आणि आमच्याकडची सावजीची भाजी खाऊन निघून गेला.

संध्याकाळी मामांचा फोन. मी मुद्दाम कूलरपुढे बसलो. आंबिया बहार, खणखणीत. गुडघे, खणखणीत.

"बरं, ते पैशाचं..."

मी वाट पाहिली. टूं टूं काही झालं नाही. स्वयंपाकघरात गेलो, फ्रीजच्या मागे उभा राहिलो. मामा ऐकू येत होते. न्हाणीघराचं दार लावून पाहिलं, मामा तिथंही. घाईघाईनं जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर वायफायची एकच काडी उरली, माझ्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात फोन गुपचूप टॉवरवर गेला.

"आवाज लय क्लिअर येऊन राहिला बे आज तुझा," मामा म्हणाले. "पायऱ्या उतरून राहिला काय? कुठं चालला?"